फाट्यावरचा एकच गिलास

सन दोन हजार तेवीस. वय अठ्ठ्याहत्तर. आधार कार्डावर एक्क्याऐंशी छापलंय, पण ते कार्ड काढणाऱ्या पोरानं माझ्या तोंडाकडं बघून घातलेलं आहे. आई सांगायची, रझाकारीत गाव सोडून पळालो तवा तू माझ्या कडेवर होतास आन् लय जड होतास. त्यावरून मी माझं वय धरतो. आईपेक्षा कार्डाला जास्त कळतं असं मी मानत नाही.

शाळा दुसरीपर्यंत. त्यामुळं लिहिण्यात चूक निघंल. निघू द्या. सांगण्यात चूक निघणार नाही.

जिंतूरहून चारठाण्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावचा फाटा आहे. गाव आत, चालत जावं लागतं. फाट्यावर लिंबाखाली माझी पाणपोई. लोक उन्हाळ्यात पाणपोई घालतात, फीत कापतात, फोटो काढतात आन् पहिला पाऊस पडला की रांजण उचलून नेतात. माझी बारा महिने. गावच्या नळाला पाणी आलं की दोन कॅन भरायचे, सायकलला दोन्हीकडं अडकवायचे आन् सायकल हातानं ढकलत फाट्यावर यायचं. सायकलवर बसणं सोडून लय वर्षं झाली, आता ती माझं गाढव आहे.

रांजण वाळूत बसवलेला. त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. वर लाकडी झाकण, झाकणावर ओगराळं आन् एक स्टीलचा गिलास, साखळीनं झाडाला बांधलेला. ज्यानं त्यानं झाकण उचलायचं, ओगराळ्यानं पाणी काढायचं, गिलासात घ्यायचं आन् प्यायचं. मी कोणाला पाणी वाढत नाही. मी नुसता बसतो. गिलास मात्र एकच. कोणी दुसरा आणून ठेवला तर मी तो त्याच्या घरी नेऊन देतो. लोक म्हणतात म्हातारा हेकट आहे. आहे.

बायको होती तवर दुपारी घरी जायचो. ती गेल्यापासून भाकरी फडक्यात बांधून आणतो आन् शेवटची गाडी जाईपर्यंत फाट्यावरच असतो. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. "बाबा, इकडं येऊन राहा," म्हणतो. राहिलो एकदा, पावसाळाभर. चांगलं घर आहे. पण तिथं दारात कोणी पाणी मागायला येत नाही. परत आलो.

फाट्यावर माणूस येतो, पाणी पितो, "गार हाय बरं का आबा," म्हणतो आन् गाडीत चढतो. एवढंच. पण असे दिवसातून चार-दोन जण बोलले की आपण जित्ते आहोत हे कळतं. घरी भिंतीशी बोलून ते कळत नाही.

त्या येणाऱ्यांत एक पोरगी होती. आठवीत, रोज एसटीनं जिंतूरच्या शाळेत जायची. गावातल्या मालकांची नात. मालक म्हणजे गावात सगळ्यात जास्त जमीन असलेला माणूस, माझ्याच वयाचा. पाणपोई सुरू झाल्यापासून मालक माझ्यासमोरून आधी सायकलवर गेले, मग फटफटीवर, मग जीपमध्ये. कधी थांबले नाहीत, कधी पाणी प्यायले नाहीत. मीही कधी हाक मारली नाही. पण नात त्यांच्यावर गेली नव्हती. ती गिलासाला तोंड लावून घटाघटा प्यायची आन् गिलास झाकणावर आपटायची.

"आबा, याला बैलासारखी साखळी कशाला बांधली? कोण चोरायलंय?"

"तूच चोरशील."

"आमच्या घरी असले लय हायत."

"मग तिथंच पीत जा की."

"तिथलं गार नसतंय," असं म्हणून पळायची. गाडी सुरू झाली तरी खिडकीतून जीभ दाखवायची. मला स्वतःची नात आहे, पण ती फोनमध्ये असते आन् तिला माझी बोली कळत नाही.

सोयाबीन काढणीला आलं होतं. ऊन असं की डांबर बुटाला चिकटावं. एक दिवस पोरगी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मजुरीला निघालेल्या बायकांना विचारलं तर एक म्हणाली, "तिला गालफुगी झालीय. मान ही एवढी सुजलीय. मालकांनी लेप लावून घरात निजवलीय."

गालफुगीला आमच्याकडं दवाखाना नसतो. काव उगाळून लेप लावतात, गळ्याला फडकं बांधतात, आंबट बंद करतात. उतरते आपोआप. सगळ्यांनी हेच धरलं. मीही धरलं.

मग एका दुपारी मालकांची जीप धूळ उडवत फाट्यावरून गेली. मागच्या सीटवर पोरगी आईच्या मांडीवर आडवी होती. तोंड उघडं, आन् श्वासाचा आवाज असा की जीप पुढं गेली तरी माझ्या कानात राहिला. संध्याकाळी गावात शब्द आला, घटसर्प.

आमच्याकडं घटसर्प म्हणजे ढोरांचा रोग. पावसाळ्यात म्हशीचा गळा सुजतो, घरघर लागते, सकाळपर्यंत म्हैस आडवी. पारावर एकानं तर तोंडावर विचारलं, "पोरगी काय गोठ्यात निजत होती का?" कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याची गाडी आली. एक तरणी डॉक्टरीणबाई, दोन नर्सा, आन् आमची आशाताई. आशाताई आमच्याच वस्तीतली सून. गावात कोणाला दिवस गेले, कोणाचा डोस राहिला, सगळं तिला तोंडपाठ. त्यांनी घरोघर फिरून बॅटरीनं घसे बघितले. पोरीच्या घरच्यांना आन् जवळच्यांना गोळ्या दिल्या, शाळेत सगळ्या पोरांना सुया टोचल्या, मोठ्यांनाही टोचायला सुरू केलं. डॉक्टरीणबाईनं पारावर उभं राहून समजावून सांगितलं, की हा माणसांचा रोग वेगळा. घशात राखाडी पापुद्रा धरतो, श्वास अडवतो, त्याचं विष काळजावर जातं. खोकल्यातून, थुंकीतून, उष्ट्यातून एकाचा दुसऱ्याला होतो. पोरीचा शाळेतला डोस ती मामाच्या गावी गेलेली असताना राहून गेला होता. त्या रोगावरचं औषध दूरच्या दवाखान्यातून गाडीनं मागवलंय आन् पोरगी अजून धोक्यात आहे, असंही ती म्हणाली.

मग ती मंडळी माझ्याकडं आली. पोरगी रोज कुठं कुठं जायची हे त्यांनी विचारून काढलं होतं.

"आबा, तोंड उघडा," आशाताई म्हणाली.

"माझ्या घशात काय न्हाई."

"ते बघायलाच आलोत. न्हाई तर तुमी नुसतं भांडायलाच उघडता."

उघडलं. नर्सनं कापसाची काडी घशात फिरवली, मला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. सुई घेतली. गोळ्या घेतल्या. तिथवर मी काही अडवलं नाही, हे मुद्दाम लिहितो. कारण नंतर गावात बोललं गेलं की म्हातारा सुईला भ्याला.

डॉक्टरीणबाई रांजणाजवळ गेली. गिलास हातात घेतला, साखळी बघितली.

"बाबा, ती मुलगी यातूनच प्यायची?"

"सगळेच पितात."

"हा गिलास बंद करावा लागेल. निदान साथ निवळेपर्यंत."

मी रांजणाच्या गोणपाटावर हात ठेवला.

"पाणी बंद करू नका. फक्त गिलास काढा. लोकांना ओंजळ धरायला सांगा आणि तुम्ही वरून ओता. कोणाचं तोंड कशाला लागणार नाही."

आशाताईनं एकदम खाली बघितलं. तिला पुढचं माहीत होतं.

"ते जमायचं न्हाई," मी म्हणालो.

"का? सोपं आहे की."

"बाई, तुमी कुठल्या?"

"नाशिककडची."

"शिकलेल्या घरच्या असाल. म्हणून सांगतो. आमी तवा बौद्ध झालो न्हवतो. हिरीवर आमाला चढायची बंदी होती. मी एवढा होतो. आई मला घेऊन हिरीच्या खालच्या अंगाला उभी राहायची. वरून कोणी तरी येईल, त्याच्या मनात येईल, तवा तो वरून पाणी सोडायचा, आन् आमी खाली ओंजळ धरायची. कवा कवा कोणी यायचंच न्हाई. समोर पाणी आन् आमी तोंड वाळवून उभे. त्या वरून ओतण्याची मला अजून किळस हाय. इथं सगळ्यांनी एका गिलासानं प्यावं म्हणून मी ही पाणपोई घातली. पुण्य मिळावं म्हणून न्हाई घातली."

डॉक्टरीणबाईनं गिलास झाकणावर ठेवला, आपटला नाही.

"मला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग, "पण बाबा, रोगालाही हे माहीत नाही."



आशाताई मध्ये पडली. "आबा, मग लय गिलास ठेवू. प्यायला की धुवायचा, वेगळा ठेवायचा."

"वेगळा गिलास? तुझ्या सासऱ्याला विचार वेगळा गिलास काय असतो ते. जिंतूरच्या हाटेलात आमच्या कपबशा बाहेर पत्र्याखाली असायच्या. कान तुटलेल्या. आपणच धुवायच्या, आपणच ठेवायच्या."

"आता कोण ठेवायलंय तसं?"

"आता मी ठेवायचं व्हय?"

"आबा, ती पोरगी मरायला टेकलीय," आशाताई म्हणाली. मोठ्यानं नाही म्हणाली. "अजून एखादं लेकरू लागलं तर तुमचा मान कुठं ठेवायचा?"

मी उठलो. साखळी सोडली. रांजणातलं सगळं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं, रांजण पालथा घातला आन् गिलास पिशवीत टाकून घरी आलो. गिलास जायचा तर पाणीही जाईल, वरून ओतणं मात्र होणार नाही. असा माझा निकाल.

त्या निकालाचं गावानं भलतंच केलं. पारावर लोक म्हणू लागले, बघा, त्याच्या गिलासामुळंच झालं असणार, न्हाई तर त्यानं रांजण पालथा कशाला घातला असता? एकानं माझ्यासमोर म्हटलं, "आमी तर पहिल्यापासून तिथं पीत नव्हतो." कपडे नवे होते, आतलं माणूस जुनंच. मी डॉक्टरीणबाईला गाठून विचारलं, माझ्या गिलासानं झालं का ते खरं सांगा. ती म्हणाली, "तुमच्या घशात जंतू सापडला नाही. शाळेतून आला, गाडीतून आला, की गिलासातून, ते आता सांगता येणार नाही. गिलासातून नाहीच, असंही मी म्हणणार नाही." खोटं सांगून मला बरं वाटवलं नाही, म्हणून तिच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. पण घरी येऊन मी जेवलो नाही.

रांजण पालथा होता तरी मी फाट्यावर जात राहिलो. सायकलला कॅन नव्हते, तिचा आवाज वेगळाच यायचा. लिंबाखाली बसायचो. गाडी यायची, लोक उतरायचे, पालथ्या रांजणाकडं बघायचे आन् गावाच्या रस्त्याला लागायचे. ज्यांनी वर्षानुवर्षं माझं पाणी प्यायलं त्यांना माझ्याशी पाण्याशिवाय दुसरं काही बोलायचंच नव्हतं, हे तवा कळलं. त्यांचा दोष नाही. माझ्याकडंही दुसरं काय होतं? एकदा एक परका माणूस जवळ आला, मला वाटलं आता बोलंल. त्यानं परभणीची गाडी कधी आहे विचारलं. मी सांगितलं. तो रस्त्यापलीकडं जाऊन उन्हात उभा राहिला.

पोरीचं कोण सांगणार? मालकांच्या वाटेला मी कधी गेलो नव्हतो, आता कोणत्या तोंडानं जायचं? आशाताई फाट्यावरून जायची तिला विचारायचो.

"कसं हाय?"

"नळी घातलीय घशात."

मग पुढं कधी, "नळी काढली." मग, "बोलायलीय, पण आवाज बसलाय." मी मान हलवायचो. पोरगी वाचावी हे मला वाटत होतं. आन् तिच्या वाचण्यावर माझंही काही अडकलं होतं. ती गेली असती तर त्या गिलासाचं काय झालं असतं, मला ठाऊक आहे. तो गिलास मी पुन्हा बाहेर काढू शकलो नसतो, न घरात ठेवू शकलो असतो. बायको असती तर हे तिच्यापाशी बोललो असतो. ती म्हणाली असती, आधी जेवा.

पोरगी आली ती दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी. मला वाटलं होतं जीपमध्ये येईल. पण एसटी थांबली आन् आधी मालक उतरले, हातात पिशव्या, मग त्यांनी पोरीला दंडाला धरून उतरवलं. जीप त्यांना घ्यायला यायची होती, ती आली नव्हती. वाळून काडी झाली होती पोरगी. गळ्याला ओढणी. झाडाखाली एकच सावली, तिथं मी. दोघं आले, मालक माझ्या शेजारच्या दगडावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पोरीनं पालथा रांजण बघितला.

"आबा, हे असं का झोपवलं?" आवाज घोगरा, म्हाताऱ्या बाईसारखा.

"दमला होता."

"मला पाणी पायजे."

मालक म्हणाले, "बाटली संपलीय. डॉक्टरनं सांगितलंय, थोडं थोडं पाजत राहा म्हणून." बोलले ते रस्त्याकडं बघून.

माझ्याजवळ माझा तांब्या होता, प्यायला आणलेला. दुसरं भांडं नाही. गिलास घरी. आन् माझ्या तांब्याला तिचं तोंड लागू द्यायचं नव्हतं, तेवढं मलाही आता कळत होतं. मी तांब्या उचलला आन् तसाच बसून राहिलो. पोरीला यातलं काही माहीत नाही. तिनं सरळ दोन्ही हात जोडून ओंजळ केली आन् वाकली. शाळेतल्या नळावर पोरं वाकतात तशी.

माझा हात हलेना.

"ओता की आबा."

मालक हे सगळं बघत होते. त्यांना माहीत होतं. माझ्या वयाच्या माणसाला कसं माहीत नसणार? खाली कोण उभं राहायचं आन् वर कोण, हे आम्हा दोघांना न शिकता येत होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दगडावरून गुडघ्याला हात लावत उठले, नातीला बाजूला केलं आन् माझ्यासमोर वाकून ओंजळ धरली.

"आधी मला घाल गड्या," म्हणाले. "घसा सुकलाय."

मी उभा राहिलो आन् ओतलं. निम्मं पाणी कोपरांवरून सदऱ्याच्या बाह्यांत गेलं. प्यायले. पुन्हा धरली ओंजळ. पुन्हा ओतलं. जन्मभर मला वाटायचं की असा दिवस आला तर छाती भरून येईल. तसं झालं नाही. वरून बघितलं तर समोरच्या माणसाचा नुसता टाळू दिसतो. डोळे दिसत नाहीत. मी त्या जागी कधी उभा नव्हतो, त्यामुळं हे मला ठाऊक नव्हतं. तिथं मला एक क्षणही उभं राहू वाटेना.

मग पोरीला थोडं थोडं ओतलं. तिनं गिळताना डोळे मिटले.

मालकांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "पाणी चांगलं हाय. कुठल्या हिरीचं?"

"तुमच्याच. गावच्या नळाला तुमच्याच हिरीचं येतंय."

"आसं?" म्हणाले आन् पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. पोरगी पण हसली, मग तिला ठसका लागला, मग आम्ही दोघं घाबरलो. तेवढ्यात जीप आली. मालकांनी पिशव्या उचलल्या, पोरीला आत बसवलं. पोरीनं खिडकीतून जीभ दाखवली की नाही ते मला धुळीत दिसलं नाही.

त्या दिवशी घरी आलो तर हे सांगायला कोणी नव्हतं. मालकांनी माझ्या हातचं पाणी ओंजळीनं घेतलं, ही गोष्ट ज्यांना कळली असती ते सगळे गेले. आई, बायको, माझ्याबरोबर हिरीखाली उभी राहिलेली सगळी. पोराला फोन लावला. तो म्हणाला, "बरं झालं बाबा, जेवलात का?" म्हटलं, जेवलो. फोन ठेवून मग खरंच चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं जिंतूरला गेलो. बाजारात कुंभारीण बसते तिच्याकडं तोटी बसवलेले माठ होते. मी एक-एक वाजवून बघितला, पाणी भरायला लावलं, तोटी स्वतः उघडली आन् स्वतःच्या ओंजळीत पाणी घेऊन प्यायलो. वर कोणी नाही. खाली कोणी नाही.

"घराला पायजे का आबा?" कुंभारणीनं विचारलं.

"फाट्यावर ठेवायचाय."

"मग बरं झालं. आता तुमाला तिथं बसून राहायचं काम न्हाई. लोक येतील, तोटी सोडतील, पितील आन् जातील."

मी म्हटलं, सुतळीनं नीट बांधून दे. कंडक्टर म्हणाला, माठ मागं ठेवा. मी ठेवला नाही. फाटा येईपर्यंत मांडीवर धरून बसलो.